मस्कत सुटले, आता पंडरी की पुणे?

अमेरिकेत किंवा कॅनडात स्थिरावलेल्या माणसाला परत यावे की न यावे, याचा विचार करायला सवड असते. नागरिकत्व पदरात असते, मुले तिथेच नोकरीला लागलेली असतात, आणि प्रश्न वर्षानुवर्षे पुढे ढकलता येतो. आखाती देशांत आयुष्य काढलेल्या माणसाला ही सवड नसते. तिथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की सामान बांधायचे. पंचवीस-तीस वर्षे तिथे काढली, मुले तिथल्या भारतीय शाळांत शिकली, तरी तिथले नागरिक होण्याची वाट जवळजवळ बंदच. अलीकडे काही देशांनी दीर्घ मुदतीचे परवाने काढले आहेत. पण ते गुंतवणूकदारांसाठी, मोठ्या पगाराच्या लोकांसाठी किंवा गाठीशी भरपूर पैसा असणाऱ्यांसाठी. सर्वसाधारण पगारदाराच्या वाट्याला शेवटी विमानाचे एकेरी तिकीट येते.

कधी कधी तेही अचानक. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणावे लागले. एअर इंडियाने त्यासाठी ४८८ फेऱ्या केल्या. त्यात वीस वर्षे तिथे संसार केलेली माणसे हातात एक पिशवी घेऊन उतरली होती. २०२० साली करोनाच्या काळात पुन्हा तशीच वेळ आली. म्हणजे आखातात राहणाऱ्याला 'परत जायचे का?' हा प्रश्नच नसतो. 'कुठे जायचे?' एवढाच असतो. आणि नेमका तोच सर्वांत शेवटी विचारला जातो. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, प्लॉट, सोने या सगळ्यांवर चर्चा होते. आपण दोघे उरलेली वर्षे कुठे काढणार, यावर मात्र नवरा गृहीत धरतो एक आणि बायको दुसरे.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. रायपूरच्या पंडरी भागात, कापड बाजारामागच्या गल्लीत त्यांचे दुमजली घर आहे. वडील रेल्वेत होते. नागपूरकडून बदलून आले आणि तिथलेच झाले. थोरला मुलगा इंजिनियर. भिलाईला काही वर्षे काढून मस्कतला गेला, त्याला आता सव्वीस वर्षे झाली. धाकटा रायपुरातच नोकरीला, आईवडिलांपाशी राहिला. बहीण अकोल्याला दिलेली. थोरल्याची बायको अमरावतीची. त्यांचा मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. आता थोरला साठीला आला आहे, मस्कतच्या कंपनीने निरोपाचा समारंभही ठरवला आहे.

त्याच्या मनात शंकाच नाही. आपण पंडरीला जाणार. वरचा मजला आहेच. तो बांधायला त्यानेच तर पैसे पाठवले होते.

रायपूरशी मराठी माणसाचे नाते आजकालचे नाही. अठराव्या शतकात छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, आणि त्यांच्याबरोबर कारकून, शिलेदार, पुरोहित असे सगळे आले. पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले, त्यामुळे कचेऱ्या, शाळा, रेल्वे सगळीकडे मराठी माणूस होता. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव आजही सांगते की इथे कोण राहत असे. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० साली काढणारे माधवराव सप्रे मातृभाषेने मराठी. पण त्यांनी लेखणी झिजवली हिंदीसाठी, आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले तेही त्यांनीच. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत अजून गणपती बसवते, नाटके करते. त्यामुळे थोरल्याचे म्हणणे अगदीच भाबडे नाही. पुण्याच्या माणसाला रायपूर परमुलुख वाटेल. रायपूरच्या मराठी माणसाला ते घर वाटते.

फक्त, ज्या रायपूरला तो निघाला आहे ते आता जागेवर नाही.

तो गेला तेव्हा रायपूर मध्य प्रदेशातले एक व्यापारी शहर होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि ते राजधानी बनले. धमतरीची छोटी गाडी ज्या पट्टीवरून शहराच्या मधोमध धुरांचे झोत सोडत जायची, तिथे आता द्रुतगती रस्ता आहे. तेलीबांधा तलावाला लोक 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. पंडरीचा बसस्टँड २०२१ साली भाटागावला गेला. म्हणजे रात्री-अपरात्री जगदलपूरच्या, बिलासपूरच्या गाड्यांचे पुकारे ऐकत झोपायची जी सवय होती, तिचाही आधार गेला. कापड बाजार मात्र आहे, आणि वाढला आहे. लग्नसराईत गल्लीतून स्कूटर काढायची तर दुकानदाराला हाका माराव्या लागतात. साठीच्या माणसाला पाठीवर हात ठेवून "क्या भैया, कब आए?" म्हणणारे मित्र होते, त्यांतले किती त्या गल्लीत उरले आहेत, याची मोजदाद त्याने केलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आखातातल्या बहुतेक कुटुंबांना लागू पडते. मुलांच्या शाळेला सुटी असेल तेव्हाच गावी यायचे, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. नाहीतर डिसेंबरात. या हिशेबाने त्याने सव्वीस वर्षांत रायपूरचा मे महिना एकदाही धड पाहिलेला नाही. पारा ४४-४५ अंशांवर जातो. तो म्हणेल, मस्कतला काय थंडी असते? नसते. पण तिथे थंड घरातून थंड गाडीत आणि थंड गाडीतून थंड कचेरीत जाण्याची सोय होती. पंडरीत दुपारी दूधवाला, गॅसवाला, वीजवाला आला की जिना उतरून दार उघडायचे आहे, आणि गुडघे साठ वर्षांचे आहेत. शिवाय उरला, सिलतरा या भागांतल्या कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर बसते, ती रोज झाडावी लागते. रोज कोण झाडणार?

इथे बायकोचा मुद्दा येतो.

तिने पंडरीच्या घरात सलग किती दिवस काढले आहेत, याचा हिशेब केला तर दरवर्षीचा एक महिना, तोही स्वयंपाकघरात. आल्यागेल्याचे चहापाणी, सासूबाईंचे पथ्य, नणंदेचे माहेरपण. तिच्या लेखी पंडरी म्हणजे मोठ्या सुनेची ड्यूटी. मस्कतला ती स्वतः गाडी चालवायची, मराठी मंडळींची भिशी आणि हळदीकुंकू सांभाळायची, लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिला तिथे स्वतःचे असे नाव होते. पंडरीत ती पुन्हा 'बड़ी बहू' होणार. घरातली पुतणी तिच्याशी हिंदीत बोलते, मराठी तिला समजते पण जिभेवर येत नाही. यात कुणाचा दोष नाही. तिसऱ्या पिढीचे असेच होते. पण अमरावतीच्या बाईला म्हातारपणी दुखले-खुपले सांगायला स्वतःची भाषा हवी असेल, तर ती चैन नव्हे.

"अहो, तुम्ही इथे लहानाचे मोठे झालात. मी नाही," ती एकदा म्हणाली. "तुम्ही असाल तोवर ठीक आहे. तुमच्यामागे मी इथे कुणाची?"

हे वाक्य बहुतेक घरांत अभद्र बोलू नको म्हणून अडवले जाते. नवरा रागावतो, किंवा हसण्यावारी नेतो. खरे तर निवृत्तीच्या गावाचा निर्णय याच वाक्यापासून सुरू व्हायला हवा. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा असतो, आणि बायका सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक जगतात. या दोन गोष्टींची बेरीज केली की अनेक बायकांच्या वाट्याला शेवटची आठ-दहा वर्षे एकटीने काढणे येते. म्हणजे दोघांनी मिळून निवडलेले गाव प्रत्यक्षात तिला जास्त दिवस पुरवायचे असते. अशा वेळी गाव त्याच्या बालपणाच्या आठवणींवर ठरवणे हे जरा विचित्रच नाही का?

बायकोला पुणे हवे आहे, मुलगा आहे म्हणून. तिचाही हिशेब कच्चा आहे. मुलगा आज हिंजवडीत नोकरीला आहे, उद्या कंपनीने बंगलोरला पाठवले की आईवडील पुण्यात दोन खोल्या आणि एक लिफ्ट सांभाळत बसणार. आज जो शेजारी आहे तो पुढच्या वर्षी बदलतो. मुलाच्या घराजवळ राहावे, मुलाच्या भरवशावर नव्हे, हे नीट समजून घेतले तरच पुणे. तिथे 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहती आहेत, बरोबरीच्या वयाची मराठी सोबत मिळते, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. परदेशातून परतलेली जोडपीही तिथे बरीच. पण मासिक खर्च भरत राहावा लागतो, आणि मस्कतच्या पगारदाराला पेन्शन नसते. नोकरी सोडताना मिळाली ती रक्कम आणि साठवलेले व्याज, एवढ्यावर पुढची पंचवीस वर्षे. नागपूर हा मधला तोडगा वाटतो. भाषा मराठी, अमरावती जवळ, २०१८ पासून एम्स, आणि रायपूर रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटर. २०२२ पासून वंदे भारतही धावते. पण नागपुरात ना त्याचे घर, ना तिचे. मधला तोडगा पुष्कळदा असाच असतो.

आता पंडरीच्या घरातल्या तिसऱ्या व्यक्तीकडे पाहिले पाहिजे. तिला कुणी काही विचारलेले नाही. ती म्हणजे धाकटी जाऊ.

सासूबाई नऊ वर्षे अंथरुणाला होत्या. औषधे, पाठीला पावडर, रात्री दोनदा उठून कूस बदलणे हे तिने केले. मस्कतहून दर महिन्याला पैसे येत होते, आणि सणावाराला सगळे मोठ्या भावाचे नाव काढत होते. "दादा आणि वहिनी कायमचे येणार" ही बातमी तिला फोनवर नवऱ्याकडून कळली. तिने तोंडावर आनंदच दाखवला. रात्री नवऱ्याला एवढेच म्हणाली, "पैसे त्यांनी पाठवले, रात्री मी जागले. आता घरात दोन मोठ्या माणसांचे नियम आले की मी पुन्हा सून." धाकटा काही बोलला नाही. भावाला 'येऊ नको' म्हणायचे कसे, आणि बायकोला 'सांभाळून घे' हे किती वेळा म्हणायचे?

वरच्या मजल्याचा कागदही नाही. घर वडिलांच्या नावावर, वडील मृत्युपत्र न करता गेले, नंतर आईही गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा घरात दोन भाऊ आणि अकोल्याची बहीण, तिघांचा सारखा वाटा. मजला बांधायला पैसे कुणी दिले, याला भावनेच्या बाजारात मोठी किंमत असेल. मालकी हक्काच्या कागदात ते आपोआप उमटत नाही. थोरल्याला हे ऐकून धक्का बसतो. "माझ्याच पैशाने बांधलेलं, आणि मलाच तिसरा हिस्सा?" असा त्याचा सवाल. त्याने कधी बँकेतून थेट बांधकामाचे पैसे दिले नव्हते, भावाच्या खात्यावर पाठवले होते, तेही 'घरखर्च' म्हणून. असे हजारो 'वरचे मजले' गावोगावी उभे आहेत. परतण्याच्या आदल्या महिन्यात त्यांचा वाद काढणे म्हणजे भांडण घेऊनच विमानातून उतरणे. तो विषय परदेशात पाय घट्ट असताना, भाऊबहीण एकत्र आहेत अशा एखाद्या सुटीत, शांतपणे काढायचा असतो. जे ठरेल ते वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करून नोंदवायचे. तोंडी ठरलेल्या वाटण्या पहिल्या पिढीत टिकतात, पुतण्यांच्या पिढीत मोडतात.

पैशाच्या व्यवहाराचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण चुका इथेच होतात. माणूस कायमचा परतला की त्याचे अनिवासी खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी करून घ्यावे लागते, आणि त्या खात्यावरच्या व्याजाची करमाफीही संपते. परकीय चलनातल्या मुदत ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत राहू शकतात, आणि पुढे ती रक्कम परतलेल्या भारतीयांसाठी असलेल्या परकीय चलन खात्यात ठेवता येते. आयकरात अशा माणसाला काही काळ मधला दर्जा मिळतो. मागच्या दहांपैकी नऊ वर्षे तो अनिवासी असेल तर परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे त्याच्या परदेशातल्या व्याजावर इथे कर लागत नाही. त्यामुळे कोणत्या महिन्यात परतावे हेही सनदी लेखापालाला विचारून ठरवणे शहाणपणाचे. दोन महिन्यांच्या फरकाने एका वर्षाचा कर बदलू शकतो. आणि ही सगळी माहिती एकट्या नवऱ्याच्या डोक्यात आणि एका कुलुपबंद कपाटात असू नये. खाती दोघांच्या नावावर, वारसनोंद केलेली, पासवर्ड बायकोला माहीत, असे नसेल तर तिने गाव कोणतेही निवडले तरी पहिले वर्ष बँकांच्या काउंटरवरच जाते.

दवाखान्याचा मुद्दा रायपूरच्या बाजूने आहे, हे कबूल करायला हवे. टाटीबंधला २०१२ पासून एम्स आहे, डॉ. आंबेडकर रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय तर पंडरीतच. विशीतला थोरला ज्या रायपुरातून गेला तिथे मोठ्या दुखण्याला नागपूर गाठावे लागे. आता तसे नाही. अडचण डॉक्टरांची नसून विम्याची आहे. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि तोवर मधुमेह किंवा रक्तदाब जडलेला असतो. नवा विमा घेतला तर आधीच्या आजारांसाठी थांबावे लागते. एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे केली आहे, आणि पासष्टीनंतर विमा नाकारण्याची सरसकट अटही उरलेली नाही. तरी तीन वर्षे ती तीनच. म्हणून निवृत्तीच्या तीन-चार वर्षे आधी, मस्कतला असतानाच, भारतातला विमा घेऊन ठेवायचा. सत्तरी ओलांडल्यावर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्न न पाहता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण साठ ते सत्तर ही दहा वर्षे आपली आपण काढायची असतात.

परदेशातून परतलेल्यांची उदाहरणे देताना लोक मोठी नावे घेतात. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून मुंबईला आले. अभय आणि राणी बंग अमेरिकेत शिकून १९८० च्या दशकात गडचिरोलीला गेले. ही माणसे कामासाठी परतली, तरुणपणी परतली, आणि कामाभोवती त्यांचे गाव तयार झाले. साठीला परतणाऱ्याच्या हाती ते नसते. त्याला गाव आयते हवे असते, आणि आयते गाव कुणाचेच नसते. म्हणून पहिले वर्षभर घर विकत घेऊ नये, आणि पाठवलेल्या पैशांच्या हक्काने कुणाच्या घरात पेट्याही उतरवू नयेत. भाड्याने राहावे. मे महिना पाहावा, एक आजारपण पाहावे, एक दिवाळी पाहावी.

हे थोरल्याला पटायला महिने लागले. धाकट्याला तर ते अपमानासारखे वाटले. "दादा, घर असताना भाड्याने? लोक काय म्हणतील?" असे तो फोनवर तीनदा म्हणाला. त्याच्या बायकोने मात्र शंकरनगरच्या दोन जागा पाहून ठेवल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरची नको, तळमजल्यावरची बरी, असे वहिनींना परस्पर कळवले. दोघी जावांचे इतके लांब बोलणे त्याआधी कधी झाले नव्हते.

ठरले ते असे. अकरा महिने शंकरनगर, पंडरीपासून दोन-चार किलोमीटर. सकाळचा चहा हवा तर भावाकडे, जेवण आपापल्या घरी. त्यानंतर अकरा महिने पुणे, मुलाच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, पण त्याच्या घरात नव्हे. घराचे वाटणीपत्र अकोल्याची बहीण राखीला येईल तेव्हा. वरचा मजला तोवर धाकट्याच्या मुलीच्या अभ्यासाला. बायकोने दलालाला दोन प्रश्न विचारले. घराबाहेर रिक्षा मिळते का, आणि जवळपास मराठी बोलणारे कुणी आहे का. दुसऱ्याला दलाल हसला आणि म्हणाला, "मॅडम, सामनेवाली आंटी जोशी हैं." करारनाम्यावर भाडेकरूचे नाव तिने स्वतःचे घालायला लावले.